चार फुटी मरीन टँकमध्ये कोणता स्टारफिश ठेवावा?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. घरी समुद्री पाण्याचा टँक आहे आणि त्यात एक स्टारफिश आणायचं चाललंय. जितक्या जणांना विचारलं तितकी वेगळी उत्तरं मिळाली, म्हणून सगळी माहिती इथे एकदाच देते.

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटर. खाली संप (गाळणीची टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे. आमच्या सोसायटीतले एक काका पुण्याला राहायला गेले, त्यांच्याकडून दगडांसकट घेतला. आमच्याकडे मांडून सात-आठ महिने झाले असतील. पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं. वाळूचा थर दोन इंच. आत दोन क्लाउनफिश, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, एक लॉनमोअर ब्लेनी, एक क्लीनर श्रिम्प, चार टर्बो गोगलगायी आणि थोडे शंखातले खेकडे आहेत. कोरल नाही आणि आणायचाही नाही. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० ते १५. तरंगत्या हायड्रोमीटरवर ग्रॅव्हिटी (पाण्याच्या खारेपणाचं माप) १.०२४ दिसते. चिलर नाही, वरून पंखा लावतो, तापमान २७ च्या आसपास राहतं.

मुलगा सहावीत आहे. कुर्ल्याच्या एका दुकानात त्याने निळा स्टारफिश बघितला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एवढा गर्द निळा प्राणी खरंच असतो यावर माझाही आधी विश्वास बसला नव्हता. दुकानदार म्हणाला, "याला काही घालावं लागत नाही, काचेवरचं शेवाळ खाऊन राहतो, टँकही साफ ठेवतो." शेजारच्या दुकानात चॉकलेट चिप घ्या म्हणाले. एका ओळखीच्यांनी सांगितलं की ब्रिटल स्टारच घ्या, बाकी काही टिकत नाही.

मला जाणून घ्यायचंय ते एवढंच: आमच्या टँकमध्ये यातला कोणता नीट जगेल? आणि त्याला खरंच काही घालावं लागत नाही का?

समीर_डोंबिवली

सँड सिफ्टिंग स्टार घ्या, डोळे मिटून. वाळूत शिरून फिरत राहतो, वाळू कायम पांढरी राहते, माशांना काही करत नाही. माझ्याकडे आणल्यापासून वाळू हलवावी लागलेली नाही. दिसतो मात्र क्वचितच, कारण सारखा वाळूखाली असतो.

खाजण

मृण्मयीताई, टँकची माहिती नीट दिलीत, त्यामुळे नेमकं सांगता येईल. मुंबई-ठाण्यात लोकांचे मरीन टँक सांभाळायचं काम मी करतो. दवाखान्यांतले, हॉटेलांतले, घरचे, सगळे. स्टारफिश निवडताना मी एकच गोष्ट बघतो: हा प्राणी काय खातो, आणि ते खाणं सहा महिन्यांनीही या टँकमध्ये असेल का? रंग, आकार, किंमत हे सगळं त्यानंतर.

याला कारण आहे. मासा उपाशी असला की पोट खपाटीला जातं, पाठ सुऱ्यासारखी दिसायला लागते, आपल्याला कळतं. स्टारफिशचं कातडं बाहेरून कडक असतं. आतून तो खंगत जातो, पण वरून महिनोन् महिने तसाच दिसतो. मग एके सकाळी एखाद्या हाताचं टोक मऊ पडलेलं दिसतं, पाठीवर पांढरा चट्टा येतो आणि दोन-तीन दिवसांत सगळा विरघळतो. घरचे म्हणतात, पाणी बिघडलं. पाणी तपासावं तर ठणठणीत असतं. त्याची उपासमार मात्र घरात आला त्या आठवड्यापासूनच चालू झालेली असते. "काही घालावं लागत नाही" हे वाक्य दुकानात ऐकलं की मला फार वाईट वाटतं, ते याचसाठी.

आता तुमचा निळा. त्याचं नाव लिंकिया लेव्हिगाटा. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ खडकांवर असतो, आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही. दगडावर जिवाणू, शेवाळ, गाळ यांचा जो बारीक थर धरतो तो त्याचं अन्न. तोंडातून जठर बाहेर काढून दगडाला चिकटवतो आणि तिथेच पचवतो. खुल्या समुद्रात त्याला फिरायला मैदानंच्या मैदानं असतात. तुमच्या २५० लिटरमधले दगड तो थोड्याच आठवड्यांत पिंजून काढेल. शिवाय लॉनमोअर ब्लेनी आणि चार टर्बो त्याच थरावर जगतात, म्हणजे एका ताटात आधीच पाच जण बसलेत. कोळंबीचा तुकडा पुढे ठेवला तर बहुतेक लिंकिया त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे हाताने भरवून भागवायची सोय नाही. पुष्कळसे तर प्रवासात आणि दुकानातच अर्धमेले झालेले असतात. तुमच्या टँकसाठी माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

ज्यांचा टँक मोठा आहे आणि ज्यांना तो घ्यायचाच आहे त्यांनी हाताच्या खालच्या बाजूला, नळीसारख्या बारीक पायांच्या चरीजवळ नीट बघावं. तिथे नखापेक्षा लहान, काचेसारखी निळसर टोपी चिकटलेली दिसली तर ती थायका नावाची परजीवी गोगलगाय. सोंड आत खुपसून ती स्टारफिशचा रस शोषते. कातड्यात इतकी घट्ट रुतलेली असते की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती त्याच्या अंगाचाच भाग वाटते.

समीर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, वाळू छान राहते. पण ती का छान राहते ते बघा. दुकानात सँड सिफ्टर म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ॲस्ट्रोपेक्टन. वाळूतले बारीक किडे, कोवळे शंख-शिंपले, जे जिवंत सापडेल ते तो गिळतो. दोन इंच वाळूतला हा जीवच वाळू निरोगी ठेवत असतो. तो संपला की स्टारफिशचंही खाणं संपतं, आणि वाळूखाली मेलेला कळत नाही, अमोनिया वाढल्यावर कळतो. त्याच्यासारखाच दिसणारा आर्कॅस्टर नावाचा दुसरा असतो, तो गाळही खातो म्हणून जरा जास्त टिकतो, पण त्यालाही मोठी, जुनी वाळू लागते. तुमचा अजून ठीक असेल तर रात्री तो जिथे असेल तिथे वाळूत तिसऱ्यांचा (शिंपल्यांतल्या मांसाचा) बारीक तुकडा पुरून बघा. घेतला तर आठवड्यातून दोनदा देत जा.

फ्रोमिया हा तिसरा. लाल-केशरी, अंगावर फरशीसारखी नक्षी, तळहातापेक्षा लहान. कोरलच्या टँकसाठी रंगीत स्टारफिश हवा असेल तर मी याचंच नाव घेतो. लिंकियापेक्षा तो बरा जगतो आणि काही फ्रोमिया बारीक तुकडेही घेतात. पण त्यालाही वर्षभर मुरलेला टँक हवा. तुमचे दगड जुने असले तरी घर बदलताना त्यांच्यावरचा थर बराच गेला असणार. याला अजून थांबा.

उरले दोन. तुमच्या टँकसाठी खरी निवड याच दोघांत आहे.

चॉकलेट चिप, म्हणजे प्रोटोरिॲस्टर नोडोसस. मळकट पिवळा किंवा तांबूस, अंगावर गडद तपकिरी शिंगं. उथळ समुद्रात वाळूवर, सागरी गवतात राहतो. हा मांसाहारी आणि खादाड आहे, आणि मला तो नेमका त्यासाठीच आवडतो. कोळंबी, तिसऱ्या, माकूळ, जे द्याल ते खातो, म्हणजे त्याचं पोट भरणं तुमच्या हातात राहतं. दिवसाही काचेवर, दगडावर फिरतो, मुलाला बघायला मिळेल. पण कोरल, स्पंज, ॲनिमोन (समुद्रफूल), शिंपले त्याच्या वाटेत आले तर खाऊन टाकतो. तुमच्याकडे कोरल नाहीत, हे इथे कामाला आलं. (आणू नका हेही सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये कोरल आहेत. "चालतं हो, सगळे ठेवतात" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका.) एखादी टर्बो रात्री त्याच्या तावडीत सापडली तर नवल नाही, मात्र पोट भरलेलं असेल तर ते कमी होतं. आणि हो, तो वाढतो. समुद्रात ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, घरच्या टँकमध्ये साधारण त्याच्या निम्मा. लहान बघून घेतलात तरी जागा मोठ्याची धरा.

दुसरा सर्पंट स्टार. हा ब्रिटल स्टारांच्या कुळातला. मधे नाण्याएवढी चकती आणि सापासारखे लवचीक, गुळगुळीत हात. तपकिरी-पिवळट पट्ट्यांचा ऑफिओलेपिस मिळाला तर फार सुंदर दिसतो. दगडाखाली खाली गेलेलं उरलंसुरलं अन्न खातो, तुकडे हाताने घेतो, कोरललाही त्रास देत नाही. सगळ्यांत कणखर हाच. दिवसभर मात्र लपून बसतो, फार तर दोन हातांची टोकं बाहेर दिसतात. दिवे मालवून अर्ध्या तासाने लाल बॅटरी घेऊन बसलात तर पूर्ण दिसेल.

ब्रिटल स्टार घेताना एक जात टाळा: हिरवी, ऑफिअराक्ना. ऑलिव्ह रंगाची, हातांवर आखूड जाड काट्यांच्या रांगा. रात्री ती हातांवर उभी राहून अंगाची कमान करते. आडोसा समजून लहान मासा खाली शिरला की हात आवळून त्याला पकडते. दुकानात बरेचदा नुसती "ब्रिटल स्टार" म्हणून विकली जाते. तुमचे क्लाउन लहान असतील तर ही अजिबात नको.

मुलाला बघायला मिळावा असं असेल तर चॉकलेट चिप. पुढेमागे क्लाउनसाठी ॲनिमोन आणायचा विचार असेल तर सर्पंट. मधला मार्ग नाही. पण त्याआधी काकांना फोन करून विचारा, त्या टँकमध्ये किंवा त्या दगडांवर कधी तांब्याचं औषध पडलं होतं का? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर ते देतात. दगडात शोषलं गेलेलं तांबं नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं आणि स्टारफिशला थोडंही सोसत नाही. तुमचा श्रिम्प आणि गोगलगायी इतके महिने मजेत आहेत, हे लक्षण चांगलं आहे. तरी विचाराच.

नीलांबरी_शारजा

खाजण यांचं बहुतेक पटलं, फक्त लिंकियाची दुसरी बाजू मांडते. माझ्याकडे निळा लिंकिया काही वर्षं आहे आणि त्याचा रंग पहिल्या दिवशी होता तसाच आहे. पण माझा टँक सातशे लिटरच्या वर आहे, मागच्या भिंतीपर्यंत जुने दगड रचलेत, आणि तो आणला तेव्हा टँकला दोन वर्षं होऊन गेली होती. शेवाळ खाणारे मासे मी मुद्दाम कमी ठेवलेत. मागची काच कधीच घासत नाही. बाहेरच्यांना ती कळकट दिसते, पण त्याचं निम्मं जेवण तिथे होतं. दर आठवड्याला त्याचा एकाच जागी, एकाच कोनातून फोटो काढते आणि हातांची जाडी मागच्या फोटोंशी ताडून बघते. हात बारीक होताहेत का, हे रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही.

मृण्मयी, हे सगळं जमण्यासारखं असेल तेव्हा जरूर घे. आत्ता २५० लिटरमध्ये मीही सांगणार नाही. मुलाला माझ्याकडच्या निळ्याचे फोटो हवे असतील तर कळव, पाठवीन.

मिऱ्याकर

आमच्याकडे रत्नागिरीला ओहोटीला वाळूत स्टारफिश दिसतात, रापणीच्या जाळ्यातही येतात. विकत कशाला घ्यायचा? गणपतीला ठाण्याला यायचं आहे, एक दमदार बघून बाटलीतून आणून देतो. आपल्याच समुद्रातला म्हणजे आपल्या हवेला सरावलेलाही असेल.

खाजण

मिऱ्याकर, तुमचं मन मोठं आहे, पण नका आणू. आपल्या वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीला दिसतो तो बहुतेक ॲस्ट्रोपेक्टन, समीरकडे आहे त्याच घराण्यातला. एखादा ओल्या वाळूवर सापडला तर उचलू नका, नुसतं गुडघ्यावर बसून बघा. हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारखे काटे असतात. चॉकलेट चिपच्या पायांना टोकाला चिकटणाऱ्या चकत्या असतात, याचे पाय नुसते टोकदार. त्यामुळे तो काचेवर चढत नाही, त्याचं सगळं आयुष्य वाळू उकरण्यात जातं. पाय भराभर मारत वाळू बाजूला सारतो आणि जागच्या जागी खाली बुडतो. वर फक्त चांदणीचा ठसा उरतो. बारीक शंख अख्खे गिळतो, आतला जीव पचवतो आणि रिकामे शंख तोंडावाटेच बाहेर टाकतो. एवढे शंख ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्याला रोज कुठून द्यायचे?

गणपतीच्या दिवसांतलं किनाऱ्याचं पाणी हाही प्रश्न आहे. पावसाने आणि खाड्यांच्या पाण्याने ते गोडसर झालेलं असतं. तिथून उचलून थेट १.०२५ च्या पाण्यात टाकला तर धक्क्यानेच जाईल. रापणीत जिवंत आला तर लगेच पाण्याच्या आत, ओल्या वाळूत सोडा, उन्हात ठेवू नका. आणि हे वाचणाऱ्या सिंधुदुर्गकरांसाठी: मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून काहीही उचलायचं नाही.

मृण्मयीताई, मुलाला एकदा मिऱ्याकरांकडे न्या की. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला किनारा दाखवा. रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तेही बघून होईल.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. नीलांबरीताई, फोटो नक्की पाठवा, निळा घरात येणार नाही हे सांगितल्यापासून चेहरा उतरलाय. मिऱ्याकर, आमंत्रण समजून घेते हं!

काकांशी बोलले. ते म्हणाले, मुख्य टँकमध्ये तांबं कधीच घातलं नाही. मासा आजारी पडला की वेगळ्या बादलीत काढून औषध द्यायचे, आणि त्या बादलीतलं पाणी किंवा जाळी कधी टँकमध्ये जाऊ दिली नाही. ॲनिमोनचा विचार आम्ही सोडला. तर मग चॉकलेट चिप. आता दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं? घरी आणल्यावर पाण्यात सोडायची पद्धत काय? आणि खायला किती, कधी?

खाजण

काका जाणते निघाले. आता क्रमाने सांगतो.

निघण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा मोजणारं उपकरण) घ्या. तरंगता हायड्रोमीटर काचेला चिकटला किंवा त्यावर बुडबुडे बसले की चुकीचं दाखवतो. माशांना तेवढा फरक चालून जातो, स्टारफिशला नाही. रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य आरओच्या पाण्यावर लावू नका. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावण मिळतं, त्यावर लावा, कारण आपल्याला अचूकपणा त्या आकड्यापाशी हवा आहे.

स्टारफिशच्या पाठीवर मध्यापासून जरा बाजूला एक खडबडीत, फिकट ठिपका असतो. ती त्याची चाळणी. तिच्यातून समुद्राचं पाणी आत जातं आणि त्याच पाण्याच्या दाबावर शेकडो पाय चालतात. त्याच्या अंगात आणि बाहेर जवळपास एकच पाणी असतं, खारेपणा सांभाळून घेणारी वेगळी यंत्रणा नसते. पाणी एकदम बदललं की थेट आतवर पोचतं. म्हणून पुढची सगळी काळजी.

दुकानात तो काचेला किंवा दगडाला घट्ट धरून असायला हवा. तळाला हात वर वाकवून पडलेला असेल, अंग पिशवीसारखं पिचकलेलं असेल, शिंगं गळालेली असतील, पांढरे चट्टे असतील तर घेऊ नका, अर्ध्या किमतीत दिला तरी नाही. दुकानदाराला पाण्यातल्या पाण्यात तो उलटा करायला सांगा. धडधाकट असेल तर आधी हातांची टोकं वळवतो, एक-दोन हात खाली टेकवून पकड घेतो आणि सावकाश पालथा होतो. काही मिनिटं लागतात, उभे राहा. तेवढा वेळ पायांकडे बघा. सगळे पाय बाहेर येऊन चाचपडायला हवेत. मग कोळंबीचा तुकडा द्यायला सांगा. खाल्ला तर उत्तम. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर दुकानातच ठेवता आला तर त्याहून उत्तम, कारण प्रवासाने खचलेला स्टारफिश तेवढ्या दिवसांत रंग दाखवतो. पिशवीत भरताना पाण्याखालीच भरा, हवेत उचलू देऊ नका. आणि त्यांच्या टँकची ग्रॅव्हिटी विचारा. नुसत्या माशांच्या टँकमध्ये बरीच दुकानं ती कमी ठेवतात, १.०१९-१.०२० सुद्धा.

घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवा. मग पाण्यासकट स्वच्छ बादलीत काढा. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंबथेंब सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं ओतून द्या आणि पुन्हा चालू करा. दोन्हीकडची ग्रॅव्हिटी एक झाली की थांबायचं. तीन-चार तास लागतील, फरक मोठा असेल तर जास्त. घाई करू नका. बादलीतलं पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. वाटीने, पाण्यातच ठेवून, त्याला टँकमध्ये न्या. वेव्हमेकर आणि पंपाच्या तोंडांना आधीच स्पंज किंवा जाळी बसवून घ्या, त्याचे हात आत ओढले जातात.

तुम्ही पंखा वापरता म्हणून हेही: पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, ग्रॅव्हिटी चढते. मे महिन्यात २५० लिटरमधून रोज काही लिटर सहज जातात. रोज ठरलेल्या वेळी नुसतं आरओचं पाणी भरा, मिठाचं नाही. जमलं तर एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा. स्टारफिशसाठी मी कुठल्याही महागड्या दिव्याआधी एटीओचे पैसे काढून ठेवायला सांगतो.

खाणं: मासळी बाजारातली ताजी कोळंबी, तिसऱ्या, माकूळ. हळद-मीठ लागलेलं काही नको. साफ करून छोटे तुकडे करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा एक तुकडा आरओच्या पाण्यात धुऊन लांब चिमट्याने त्याच्या हाताच्या टोकाखाली सरकवा. वास लागला की पायांवर तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे जात तोंडाशी पोचतो. मग तो पाठ जरा उंचावून त्यावर बसतो. काचेजवळ असेल तर खालून बघा: पातळ, जवळजवळ पारदर्शक जठर बाहेर येऊन तुकड्याभोवती पसरलेलं दिसतं. मुलाला हे दाखवाच.

तुमचा क्लीनर श्रिम्प आणि खेकडे तो तुकडा पळवायला टपलेले असणार. प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून तो स्टारफिशवर पालथा ठेवा आणि खाऊन होईपर्यंत वर दगड ठेवा. दोन तासांत खाल्लं नाही तर तुकडा काढून टाका. श्रिम्प चपळ आहे, त्याची काळजी नको. आजारी मासा तळाला पडून राहिला तर मात्र चॉकलेट चिप त्याच्यावर चढेल, म्हणून आजारी मासा वेगळा काढण्याची काकांची पद्धत चालू ठेवा.

नवीन आल्यावर पहिले दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका. आठवडा उलटला आणि खात नाही, काचेची पकडही सुटायला लागली, तर पाणी तपासा. हाताला चीर पडली किंवा अंग विरघळायला लागलं तर लगेच बादलीत वेगळा काढा. तो टँकमध्ये विरघळला तर अमोनिया बाकीच्यांना घेऊन जाईल.

शंतनू_पुणे

धाग्यात घुसतो जरा. माझ्या टँकच्या काचेवर रात्री करंगळीच्या नखाएवढे पांढुरके स्टारफिश दिसायला लागलेत, मी तर एकही आणला नाही. काहींचे हात लहान-मोठे आहेत. दुकानदार म्हणतो हार्लेक्विन श्रिम्पची जोडी सोडा, सगळे खाऊन टाकतील. काय करू?

खाजण

शंतनू, ते ॲस्टेरिना कुळातले. दगडाबरोबर येतात. मधून दुभंगून एकाचे दोन होतात, म्हणून हात लहान-मोठे दिसतात, तुटलेली बाजू नव्याने उगवत असते. बहुतेक जण काचेवरचा थर आणि शेवाळ खातात, काही त्रास नाही. संख्या फार वाढली तर तुम्ही माशांना जास्त घालताय असं समजा. खाणं थोडं कमी करा आणि रात्री काचेवरचे चिमट्याने वेचा, महिन्याभरात आटोक्यात येतात.

हार्लेक्विन दिसतो देखणा, पण तो फक्त स्टारफिशच खातो. हे संपले की त्याला जगवायला तुम्हाला दर थोड्या दिवसांनी स्टारफिश विकत आणून घालावे लागतील, आणि मला ते पटत नाही. मृण्मयीताई, तुमच्या टँकमध्ये तर तो कधीच नको, चॉकलेट चिपचे पाय कुरतडायला सुरुवात करेल. असे पांढरे छोटे तुमच्याकडे दिसले तर राहू द्या, चॉकलेट चिपशी त्यांचं काही भांडण नाही.

मृण्मयी_ठाणे

लिहून घेतलं सगळं. रिफ्रॅक्टोमीटर आणि ३५ पीपीटीचं द्रावण मागवलंय. ते आल्यावर आधी आमच्याच पाण्याची ग्रॅव्हिटी नक्की किती आहे ते बघते, १.०२५ वर आणून आठवडाभर स्थिर राहते का ते तपासते आणि मगच कुर्ल्याला जाऊ. डब्याला भोकं पाडायचं काम मुलाने आजच उरकलंय.